बाजूला अडकलेला नांगर: सस्क्वेहॅना नदीवर कयाकमधून बास पकडण्याच्या एका दिवसाचा प्रकरण अभ्यास

ठिकाण पेनसिल्व्हेनियातलं, हॅरिसबर्ग शहराच्या थोडं वर. सस्क्वेहॅना नदी, फोर्ट हंटरचा धक्का. महिना जुलै, कामाचा दिवस, त्यामुळे नदीवर गर्दी नाही. एक माणूस, बारा फुटी सिट-ऑन-टॉप (वर उघड्यावर बसायची) कयाक, तीन रॉड, दोन डबे आमिषं. सकाळी पावणेसहाला कयाक पाण्यात गेली आणि साडेअकराच्या सुमारास उलटी झाली. माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण पाणी गार असतं किंवा अंगात लाइफ जॅकेट नसतं, तर हे प्रकरण वेगळ्या तऱ्हेने लिहावं लागलं असतं.

हॅरिसबर्ग आणि मेकॅनिक्सबर्ग भागात मराठी घरं बरीच आहेत, आणि अलीकडे त्यांच्या गाड्यांच्या टपावरही कयाक दिसतात. या दिवसाची उजळणी करण्यासारखी आहे, कारण यात बहुतेक निर्णय बरोबर होते. मोठा चुकला तो एकच, आणि तो मासे चांगले लागत होते म्हणूनच चुकला.

आधी नदी. सस्क्वेहॅना इथे सुमारे पाऊण मैल ते मैलभर रुंद आहे, पण उन्हाळ्यात उथळ. बऱ्याच जागी पाणी गुडघाभर ते छातीभर. तळ खडकाचा. ब्लू माउंटन आणि सेकंड माउंटन या डोंगररांगा नदी आडवी कापते, त्यामुळे खडकाच्या कडा नदीच्या पात्रात आडव्या पडल्या आहेत. प्रत्येक कडेवरून पाणी उतरतं, खाली खळगा होतो, बाजूला संथ पाणी राहतं. असा जिना मैलोगणिक. स्मॉलमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या माशाला याहून सोयीची जागा नाही: कडेच्या सावलीत बसायचं, आणि ओघाबरोबर येणारे क्रेफिश, किड्यांच्या अळ्या, बारकी मासळी तोंडासमोरून जाताना उचलायची.

हा मासा मुळात या नदीचा नाही. तो ओहायो आणि ग्रेट लेक्सच्या खोऱ्यांतला. अटलांटिककडे वाहणाऱ्या नद्यांमध्ये तो माणसाने आणला. पोटोमॅकमध्ये तर 1854 साली रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून. सस्क्वेहॅनात तो इतका रुजला, की 2005 च्या उन्हाळ्यात बासची पिल्लं रोगाने मोठ्या संख्येने मेली तेव्हा अख्ख्या राज्यात ओरड झाली. नदीच्या या पट्ट्यात पकडलेला बास परत सोडणं बंधनकारक झालं ते त्यानंतर. काही वर्षं वसंतात, मासे घरटी करतात त्या काळात, बासच्या मागे लागायलाच मनाई होती. सध्याचे नियम राज्याच्या फिश अँड बोट कमिशनच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत पाहावेत. सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो, आणि कमिशनचा धक्का वापरायचा तर विनाइंजिनाच्या बोटीलाही लाँच परमिट लागतं. या माणसाकडे दोन्ही होतं.

एकट्याच्या दिवसात पहिला प्रश्न गाडीचा. वरून खाली वाहत गेलं तर गाडी वर राहते. दोघे असले की दोन गाड्या लावता येतात. एकट्याने सायकल खाली ठेवायची म्हटलं, तर इथला 22/322 हा महामार्ग सायकलवाल्याचा नाही. म्हणून त्याने सोपा आणि शहाणा मार्ग घेतला: फोर्ट हंटरलाच उतरायचं, सकाळी ताकद असताना काठाकाठाने वर जायचं, आणि दिवसभर मासे धरत ओघाबरोबर खाली यायचं. यात आणखी एक फायदा असतो. दमलेला माणूस, वारा किंवा वीज, यातलं काहीही आलं तरी परतीची वाट उताराची राहते. खालच्या धक्क्यापासून वर निघणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक हवी: शहराच्या खाली डॉक स्ट्रीट धरण आहे. दिसायला बुटकं, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि माणसाला सोडत नाही. तिथे बरेच जण बुडाले आहेत. फोर्ट हंटरहून ते काही मैल खाली आहे, तरी सुटलेल्या कयाकच्या मागे पोहत जायचं नाही, याचं ते पुरेसं कारण आहे.

आदल्या रात्री त्याने हॅरिसबर्गच्या मापकावरची पातळी पाहिली: साडेतीन फुटांच्या आसपास, दोन दिवस उतरती. ठीक. पण हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. डंकॅननजवळ पश्चिमेकडून जुनियाटा नदी येऊन मिळते, आणि दोन्ही नद्यांची पाणी मैलोनमैल नीट मिसळत नाहीत. पश्चिम काठाने जुनियाटाचं पाणी वाहतं, पूर्वेकडून सस्क्वेहॅनाचं. दोन दिवसांपूर्वी जुनियाटाच्या खोऱ्यात वळीव पडला होता. म्हणजे मापकावरची पातळी निरुपद्रवी, पण पश्चिमेचं अर्धं पात्र चहासारखं गढूळ, आणि पूर्वेला चार फुटांवरचा तळ दिसतोय. तो पूर्वेच्या अर्ध्यात राहिला. जे मापक पाहून समाधान मानतात आणि पश्चिम काठावरून उतरतात, ते अशा दिवशी रिकाम्या हाताने येतात आणि नदीला दोष देतात.

सामान. सात फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, 2500 आकाराचं रीळ, 10 पौंडी ब्रेड (विणलेली मासेमारीची दोरी), पुढे आमिषाच्या टोकाला सहा फूट 8 पौंडी फ्लुरोकार्बन लीडर. तिन्ही रॉड जवळजवळ सारखेच, फरक आमिषाचा. पहिल्यावर पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारा पॉपर. दुसऱ्यावर चार इंची ट्यूब (नळीसारखं मऊ आमिष), हिरवट तपकिरी, आत 3/16 औंसाचं म्हणजे सुमारे पाच ग्रॅमचं जिग हेड (गळ बसवलेलं वजन). तिसऱ्यावर नेड रिग (हलक्या वजनावरचं छोटं मऊ आमिष), तीन ग्रॅमच्या आतलं.

सूर्य डोंगराआड असेपर्यंत पॉपर चालला. वॉटर विलोच्या गवताची बेटं पाण्यात उभी असतात, त्यांच्या कडेला तीन हातांवर आमिष टाकायचं, वर्तुळं विरेपर्यंत थांबायचं, मग एक झटका, पुन्हा थांबायचं. दहा ते तेरा इंची मासे भराभर लागले. साडेआठला ऊन पाण्यावर आलं आणि वरचे मासे बंद झाले. इथपर्यंत कयाक कुठे उभी आहे याला फार महत्त्व नव्हतं. गवताच्या कडेचं पाणी संथ, वल्ह्याचा एक फटकारा दिला की पुरे.

नऊनंतर खेळ बदलला. पाणी 27 अंश सेल्सियस. एवढ्या गरम पाण्यात मोठा बास संथ जागा सोडून प्राणवायू जास्त असलेल्या वेगाच्या पाण्याजवळ येतो. पण वेगाच्या पाण्यात तो पोहत बसत नाही. कडेखाली जोराचा ओघ आणि बाजूचं संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं, तिथे फेसाची एक रेघ दिसते. मासा त्या रेघेच्या संथ बाजूला, तोंड वरच्या दिशेला करून असतो.

त्याला ट्यूब द्यायची तर ती वरून, ओघाच्या वेगाने, तळाला टेकत टेकत यायला हवी. याच जागी कयाक अडचण करते. कयाक वाहत असताना टाकलेली ट्यूब तळाशी नैसर्गिक चालत नाही. पृष्ठभागाचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगवान असतं, कयाक पृष्ठभागाबरोबर जाते आणि ट्यूबला मागून फरफटत नेते. ट्यूब फटीत अडकते. ती सोडवायला वळावं, तोवर पुढची चांगली जागा निघून जाते. चार ट्यूब अशा गेल्यावर कोणालाही वाटतं, आता थांबलंच पाहिजे.

डॉफिन नॅरोज या नदीच्या पट्ट्याच्या खालच्या बाजूला, तीनेक खोल्यांच्या रुंदीची एक कड. डाव्या अंगाला जोराचा ओघ, मध्ये रेघ, उजवीकडे संथ खळगा. वाहत जाताना आमिषाच्या दोन टाकांमध्ये दोन मासे, त्यातला एक सतरा इंची. तो पुन्हा वल्हवत वर गेला आणि रेघेच्या शेजारी, ओघाच्या बाजूने, नांगर टाकला.

नांगर म्हणजे तीन पौंडी घडीचा, चार काट्यांचा. दोर तीस फूट. कयाकच्या उजव्या कडेला अँकर ट्रॉली: पुढच्या टोकाजवळ एक पुली, मागच्या टोकाजवळ एक, दोन्हीतून फिरणारी दोरी आणि तिच्यावर एक कडी. नांगराचा दोर कडीतून जातो आणि कडी ओढून पुढे किंवा मागे नेता येते. म्हणजे माणूस बसल्या जागेवरून ठरवू शकतो की कयाक कोणत्या टोकाने टांगली जाईल. साधी, स्वस्त आणि उपयोगी वस्तू. तिचा एकच नियम आहे: वाहत्या पाण्यात कडी टोकाला गेल्याशिवाय दोराला ताण येऊ द्यायचा नाही.

त्या दिवशी क्रम उलटा झाला. नांगर आधी पडला. तळ खडकाचा, काटा पहिल्याच फटीत बसला. दोर खुर्चीशेजारच्या क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) आठाच्या आकारात गुंडाळलेला होता आणि वर एक गाठ मारलेली. कडी अजून खुर्चीच्या रेषेत, म्हणजे कयाकच्या बरोबर मध्यावर. दोर ताणला गेला, कयाक ओघाला आडवी झाली आणि कडीवर इतका ताण आला की ती आता हलेना.

आकडेमोड पाहण्यासारखी आहे. ओघ सेकंदाला सुमारे एक मीटर. कयाक टोकाने ओघाकडे असेल तर तिच्यावरचा जोर किलो-दीड किलोच्या वजनाइतका. आडवी झाली की पाण्यातली बाजू साडेतीन मीटर लांब आणि बारा-पंधरा सेंटीमीटर खोल. जोर वीस-पंचवीस किलोंवर जातो. ओघ दीड मीटर असता तर पन्नासच्या घरात, कारण वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. हा सगळा जोर दोर एका बिंदूवर, कयाकच्या वरच्या कडेवर, खाली आणि ओघाच्या उलट दिशेने खेचतो. ओघाकडची कड खाली दबते, पाणी तिच्यावर चढतं, चढलेलं पाणी तिला आणखी दाबतं. पलटी नेहमी ओघाकडच्या बाजूला होते आणि दोन-तीन सेकंदांत संपते. अंग कलतं करून सावरायला वेळ मिळत नाही. त्यातच माणूस गाठ सोडायला क्लीटकडे, म्हणजे नेमका दबणाऱ्या बाजूला वाकला.

पाण्यात पडल्यावर पहिली अडचण ओघाची नव्हती, ब्रेडची होती. तिन्ही रॉड उभ्या होल्डरमध्ये होते. पॉपरचा तिपदरी गळ विजारीत घुसला आणि त्याची दोरी पिंडरीभोवती फिरली. दहा पौंडी ब्रेड हाताने तुटत नाही, बोटं कापतात. लाइफ जॅकेटवर सुरी नव्हती. ती आमिषांच्या डब्यात होती. कापड फाटलं म्हणून गळ सुटला. एवढा एक धागा दैवाचा.

यानंतर त्याने जे केलं ते बरोबर केलं. उभं राहायचा प्रयत्न केला नाही. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असताना खडकाळ तळावर पाय टेकला, की तो फटीत अडकतो आणि ओघ माणसाला पुढे पाडतो. नदीत बुडणाऱ्यांची ही एक ठरलेली तऱ्हा आहे. तो पाठीवर झाला, पाय वर आणि ओघाच्या दिशेला, आणि मग संथ खळग्याकडे पालथा होऊन जोरात हात मारले. तीस-चाळीस मीटर खाली गवताच्या बेटाला लागला. शिट्टी जॅकेटला होती, ती तीनदा वाजवली. फोन मात्र कयाकच्या हॅचमध्ये (झाकणाच्या कप्प्यात), कोरड्या पिशवीत, सुरक्षित आणि निरुपयोगी.

नांगराने धरून ठेवलेली कयाक तिथेच उलटी डोलत होती. वल्हं लीशने (छोट्या दोरीने) तिलाच बांधलेलं. म्हणजे सगळी सामग्री जागेवर आणि माणूस चाळीस मीटर खाली. इथे मोह होतो तो कडेवरून वर चालत जाऊन, कयाकच्या वरून पाण्यात उतरून दोर सोडवण्याचा. तो करायचा नाही. ताणलेला दोर आणि आडवी कयाक यांच्यात ओघाने जाऊन पडलेला माणूस तिथून निघत नाही. तो बसून राहिला.

महामार्ग दोनेकशे मीटरवर. ट्रकांच्या घरघरीत शिट्टी रस्त्यापर्यंत गेली नाही. सुमारे चाळीस मिनिटांनी खालून एक जेट बोट आली. (या नदीत पाण्यात बुडलेल्या पंख्याची बोट खडकांना टिकत नाही, म्हणून इथले मासेवाले पाणी शोषून मागे फेकणारं जेट आउटबोर्ड इंजिन लावतात.) बोटवाल्यांनाही इंजिनाच्या आवाजात शिट्टी ऐकू आली नव्हती. त्यांना दिसला तो कयाकचा नारिंगी तळ. कयाक घेताना शेवाळी किंवा कॅमोफ्लाज रंग रुबाबदार वाटतो. माशांना त्याने काही फरक पडत नाही. उजळ रंग घ्यावा.

दोर कापला, कयाक बेटावर आणून सरळ केली. दोन रॉड, एक डबा आणि गॉगल गेले.

आता त्या रेघेवर मासे कसे धरायचे होते? नांगराशिवाय दोन मार्ग समोरच होते. पहिला, कडेच्या खालच्या संथ खळग्यात कयाकचं टोक घुसवायचं. तिथे पाणी किंचित उलटं फिरतं आणि कयाकला कडेशीच धरून ठेवतं. अधूनमधून वल्ह्याचं टोक लावावं लागतं, बस. तिथून रेघ दहा-बारा मीटरवर येते, आणि टाक तिरपा वर जातो, म्हणजे ट्यूब माशाच्या तोंडाकडे नैसर्गिक येते. ओघाच्या बाजूने नांगरून जो टाक मिळाला असता त्यापेक्षा हा सरस. नांगर टाकून त्याने धोका तर घेतलाच, शिवाय मासेमारीच्या दृष्टीनेही चुकीच्या बाजूला उभा राहिला.

दुसरा मार्ग, कडेवरच उतरायचं. या पातळीला तिच्यावर घोटाभर पाणी होतं. कयाक दोन-तृतीयांश खडकावर ओढून ठेवायची आणि उभ्याने टाकायचं. नवखे लोक पैसे देऊन कयाक घेतली म्हणून तिच्यातून उतरायला तयार नसतात. या नदीत कयाक हे मुख्यतः एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्याचं वाहन आहे.

वाहत असताना वेग कमी करायचा असेल तर नांगराऐवजी साखळी. दीड-दोन किलोची जाड साखळी, हातभर लांब, सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये भरून, मागच्या टोकाच्या मध्यातून, दोर पाण्याच्या खोलीपेक्षा थोडाच जास्त. काटे नसल्याने ती खडकावरून घासत जाते. तीही कधी अडकतेच, म्हणून दोर कॅम क्लीटमध्ये (दातांत दोर धरणाऱ्या पकडीत), एका हिसक्याने सुटेल असा. शेवटाला गाठ नको.

नांगर वापरायचाच असेल तर आधी वेग मोजावा, आणि त्याला यंत्र लागत नाही. बारा फुटी कयाक संथ जागी धरायची आणि शेजारच्या ओघातला फेसाचा बुडबुडा पाहायचा. कयाकच्या लांबीएवढं अंतर तो सात सेकंदांच्या आत कापत असेल, तर ओघ सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त आहे आणि नांगर डब्यातच राहावा. त्याहून कमी असेल तर क्रम असा: आधी दोर कडीतून, कडी टोकाला, मग नांगर. दोराच्या मधल्या भागात एक फ्लोट बांधलेला, म्हणजे काही बिघडलं तर दोर सोडून द्यायचा, वाहत खाली जायचं, आणि फ्लोटवरून नांगर नंतर घ्यायचा. क्लीटवर गाठ नाही. सुरी लाइफ जॅकेटच्या छातीवर, कोणत्याही हाताने निघेल अशी, बोथट टोकाची. फोन वॉटरप्रूफ पाकिटात, जॅकेटच्या खिशात. रॉड आडवे, एक हातातला सोडून बाकीच्यांची आमिषं कापडी वेष्टणात. तिपदरी गळाच्या जागी टोकाजवळचा उलटा काटा दाबलेला एकेरी गळ: कयाकमध्ये मासा मांडीवर येतो, आणि मांडी आपली असते. गरम पाण्यातला मासा अर्ध्या मिनिटात परत सोडायचा असतो, त्यालाही एकेरी गळच बरा.

घरी त्याने "सहापर्यंत येतो" एवढंच सांगितलं होतं. म्हणजे जेट बोट आली नसती, तर शोध सुरू व्हायला संध्याकाळचे सात वाजले असते, आणि तोही कुठल्या धक्क्यावरून करायचा हे ठाऊक नसताना. सांगायच्या गोष्टी चारच: कोणता धक्का, वर की खाली, कयाकचा रंग, आणि किती वाजता फोन आला नाही तर 911 ला कळवायचं.

तेव्हा पाणी 27 अंश होतं म्हणून चाळीस मिनिटं ओल्या कपड्यांत बेटावर बसता आलं. हीच नदी एप्रिलमध्ये दहा अंशांच्या आसपास असते. त्या पाण्यात पडताक्षणी श्वास आवरत नाही आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत बोटं काम सोडतात. ब्रेड सोडवणं, झिप उघडणं, काहीच जमत नाही. पेनसिल्व्हेनियात 1 नोव्हेंबर ते 30 एप्रिल कयाकमध्ये लाइफ जॅकेट अंगात घालणं कायद्याने सक्तीचं आहे ते याचसाठी. उरलेल्या महिन्यांत मोठ्या माणसासाठी ते बोटीत असलं तरी कायद्याला चालतं. त्या दिवशी ते खुर्चीमागे बांधलेलं असतं, तर सुरीसारखंच उलट्या कयाकखाली राहिलं असतं.

एक काम राहिलं. जेट बोटवाल्यांनी दोर कयाकच्या कडीपाशी कापला, कारण तिथेच हात पोचत होता. परिणामी पंचवीसेक फूट दोर फटीत अडकलेल्या नांगराला लटकत, ओघात तरंगत राहिला, नेमका त्या कडेवर जिथे लोक पायी उतरतात. तरंगणारा दोर पायात किंवा जेटच्या तोंडात जाऊ शकतो. पाणी उतरल्यावर, दोघांनी मिळून, खालच्या बाजूने चालत जाऊन तो काढायला हवा, आणि तोपर्यंत धक्क्यावर भेटणाऱ्या प्रत्येक बोटवाल्याला जागा सांगायला हवी.